डोळा लाल होत नाही, म्हणून हे पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय : डोळ्याच्या आतल्या दाहाने (युव्हायटिस) आजारी असलेल्या मुलांची नजर मोठेपणापर्यंत टिकावी, यासाठीच्या मागण्या

महोदय,

एकच पत्र दोन खात्यांना का, ते आधी सांगतो. जिल्हा रुग्णालय एका खात्याचे, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्याचे. आमची मुले वर्षानुवर्षे या दोन दारांमध्ये ये-जा करतात. दर वेळी केसपेपर नवा, नंबर नवा, आणि मागच्या खेपेला डोळ्यात किती सूज होती ते नव्या कागदावर आलेले नसते. मूल मात्र तेच असते.

आम्ही या मुलांचे आईबाप. आमच्यात शिक्षक आहेत, ऊसतोड करणारे आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, एक आशाताईही आहेत. डॉक्टर कोणी नाही. तरी आजाराबद्दल चार ओळी लिहितो, कारण मागण्यांचे मूळ तिथेच आहे.

डोळ्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, तो सुजतो. मोठ्या माणसाला असे झाले तर बहुधा डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, आणि माणूस आपण होऊन दवाखाना गाठतो. लहान मुलांत, विशेषतः संधिवाताबरोबर येणाऱ्या प्रकारात, यातले बहुधा काहीच होत नाही. डोळा पांढराशुभ्र राहतो. दुखत नाही. चार वर्षांची मुलगी ‘मला धूसर दिसतं’ असे म्हणत नाही. जग धूसरच असते असे तिला वाटते. आत मात्र काम चालू असते. बाहुली मागच्या भिंगाला चिकटते, बुबुळावर चुन्याचा पांढरट पट्टा चढतो, मोतीबिंदू धरतो, दाब वाढून काचबिंदू होतो, पडद्याच्या मध्यभागी पाणी साचते. त्यात सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू अजून पाहायला शिकत असतो. त्या काळात डोळ्याने नीट चित्र पाठवले नाही, तर पुढे डोळा दुरुस्त होऊनही मेंदू त्याला विचारत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात.

आमच्यातल्या एका आईची हकीकत देतो. थोड्याफार फरकाने ती बहुतेकांची आहे. मुलीचा गुडघा सुजला. पडली असेल, असे घरी वाटले. सकाळी उठली की लंगडायची, दुपारी पळायची, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तेल झाले, पट्टी झाली, पुढे गोळ्याही झाल्या. दीड वर्ष गुडघ्याकडे पाहण्यात गेले. पहिलीच्या बाईंनी निरोप धाडला की पोरगी पाटी नाकाला लावून लिहिते. तोवर एका डोळ्यात पट्टा आला होता आणि बाहुली वाकडीतिकडी झाली होती. त्या दीड वर्षात तिला तपासणाऱ्या कोणीही वाईट वागणूक दिली नाही. गुडघा सुजला की डोळा तपासायचा, एवढेच कोणाच्या कागदावर छापलेले नव्हते.

म्हणून आमची पहिली मागणी छापील कागदाचीच आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवड्यांपेक्षा जास्त सुजलेला असेल, तर त्याची स्लिट लॅम्पवर तपासणी झालीच पाहिजे, असा आदेश निघावा. ज्यांना धोका जास्त, म्हणजे वय लहान, सुजलेले सांधे मोजके आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह, त्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच अंतर सांगितले आहे. तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावणे ही यातली तपासणी नव्हे; सूज असूनही मूल शेवटची ओळ वाचू शकते. यंत्रही नवे नको. आजोबांचा मोतीबिंदू ज्या यंत्रावर पाहतात, तेच नातवाला लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या तपासणीपत्रात दोन प्रश्न वाढवावेत : सकाळी उठल्यावर मूल लंगडते का? एखादा सांधा महिना-दीड महिना सुजलेला आहे का? पथकाला हे विचारायला अर्धे मिनिट पुरेल.

दुसरी मागणी औषधाची, आणि इथे जरा थांबावे लागेल. एकेकाळी या आजारात स्टेरॉइडच्या थेंबांवर वर्षे काढण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. आज तसे नाही. थेंब कमी केले की सूज परत येते, असे तीन महिने होत राहिले, तर आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट सुरू करायचे. तेही पुरले नाही तर दर पंधरा दिवसांनी अडॅलिमुमॅबची सुई. ब्रिटनमध्ये ९० मुलांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट चालूच होते. त्यात ६० मुलांना ही सुई दिली, ३० मुलांना नुसतीच बिनऔषधाची. उपचार फसले ते पहिल्या गटात २७ टक्के मुलांत, दुसऱ्यात ६० टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. दुष्परिणामही सुई घेणाऱ्यांत जास्त दिसले, हे लपवत नाही. म्हणूनच ती देखरेखीखाली हवी.

हे औषध आपल्याकडे परदेशातून येण्याची वाट पाहत नाही. अहमदाबादच्या कंपनीने त्याची देशी आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरमध्येच बाजारात आणली. तरीही वर्षाच्या सव्वीस सुया म्हटल्या की ज्या घरात एकच कमावता आहे, त्या घरात पहिल्या सहा महिन्यांनंतर अंतर वाढू लागते. पंधरा दिवसांचे वीस होतात, विसाचा महिना होतो. डॉक्टरांना वाटते औषध लागू पडले नाही. खरे कारण सांगायची आईला लाज वाटते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा साचा भरती झालेल्या रुग्णाचा आहे. आमची सुई मांडीवर टोचून पाच मिनिटांत होते. खाट लागत नाही, म्हणून योजना लागत नाही. आजार वर्षांचा आणि योजना दिवसांची, असे हे त्रांगडे आहे. डायलिसिस आणि केमोथेरपी रात्रभर भरती न होता योजनेत बसतात. हिमोफिलियाच्या मुलांना सरकारी डे-केअर केंद्रांत फॅक्टर मिळतो. तीच खोली, तोच फ्रीज, त्याच नर्सताई आमच्या मुलांना चालतील. अडॅलिमुमॅबची वर्षभराची मात्रा, सुरू करण्याआधीची क्षयरोगाची तपासणी आणि मेथोट्रेक्सेटसाठी दर दोन-तीन महिन्यांनी लागणाऱ्या रक्ताच्या चाचण्या, हे सगळे एका बाह्यरुग्ण पॅकेजमध्ये यावे. सुई दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. भारनियमनाच्या गावात ती माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली आम्ही पाहिली आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांचा फ्रीज आहे, तिथे ती ठेवून घेण्याची लेखी मुभा द्या.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक छोटी पण जिवावरची गोष्ट. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. सरकारी औषध खिडकीतून ते देताना पाकिटावर मराठीत वार लिहावा, ‘फक्त रविवारी’ असा. ‘ओडी’ (रोज एकदा), ‘बीडी’ (रोज दोनदा) लिहिण्याच्या सवयीचा हात घाईत काय लिहील, याचा भरवसा नाही.

तिसरी मागणी आमच्याही अंगाशी येणारी आहे. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात आणि आम्ही ते आणले आहेत. जुनी बाटली संपली, डोळ्याला बरे वाटत होते, दुकानदार ओळखीचा. याच थेंबांनी मोतीबिंदू होतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. दाब वाढतो तेव्हाही दुखत नाही. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या, ॲलर्जीच्या मुलांचे तर याहून वाईट होते : खाज थांबते म्हणून थेंब वर्षानुवर्षे चालतात आणि काचबिंदू उशिरा सापडतो. अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांच्या स्टेरॉइड थेंबांची बिनचिठ्ठी विक्री बंद करावी, आणि हे थेंब महिन्याहून जास्त घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा दाब मोजल्याची नोंद केसपेपरवर असावी.

चौथी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी आणि खर्चाने सर्वांत लहान आहे. आमची मुले अठरा वर्षांची होतात तेव्हा त्यांना किती दिसते, हे राज्याला सांगता येत नाही. अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोजल्या जातात, उद्दिष्टे ठरतात, पूर्ण होतात. आमच्या मुलांना ही मोजणी उलटी पडते. दाहाच्या डोळ्यातला मोतीबिंदू घाईने काढायचा नसतो; निदान तीन महिने डोळा पूर्ण शांत असावा लागतो. म्हणजे आमच्या बाबतीत चांगले काम ते, ज्यात शस्त्रक्रियेची वेळच आली नाही. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून राज्याची एक नोंदवही हवी. प्रत्येक मुलाचा एकच क्रमांक, दोन्ही खात्यांच्या रुग्णालयांत चालणारा. प्रत्येक भेटीला पाच गोष्टी : दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, डोळ्यातल्या पेशींची श्रेणी (२००५ पासून जगभर एकच मोजपट्टी वापरतात), दाब, नवी गुंतागुंत आणि चालू औषध. शक्य असेल तर सहावी, शाळेचे बुडालेले दिवस. तारखेला मूल आले नाही तर आशाताईंच्या फोनवर निरोप जावा. डोळा शांत झाल्यावर बरेच पालक येणे थांबवतात, आणि ही चूक आमची आहे. सूज नसली तरी औषध निदान दोन वर्षे चालवायचे असते आणि बंद केल्यावरही तपासत राहायचे असते. दरवर्षी या वहीतून एकच आकडा जाहीर व्हावा : यंदा अठरा पूर्ण केलेल्यांपैकी किती जणांना दोन्ही डोळ्यांनी वाचता येते.

अठराव्या वर्षी बालरोग विभागाची खिडकी बंद होते आणि मूल मोठ्यांच्या ओपीडीत जाऊन पडते. आजाराला हे वय कळत नाही. अनेकांत तो पुढेही चालू राहतो. निदान एक भेट मुलांच्या आणि मोठ्यांच्या अशा दोन्ही डॉक्टरांसमोर व्हावी.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. सवलती ४० पासून सुरू होतात. या टक्केवारीशी आम्ही भांडत नाही. पण बाहुली मोठी करणारे थेंब घालून आलेल्या मुलीला त्या दिवशी फळा दिसत नाही, आणि सूज उसळली की महिनाभर बारीक टाइप वाचता येत नाही. लिहिण्यात अडचण असलेल्या ४० टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी केंद्राने १० ऑगस्ट २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दहावी-बारावीच्या मंडळाने तशा सवलती आमच्या मुलांना लागू कराव्यात आणि मोठ्या टाइपाची प्रश्नपत्रिका द्यावी. यासाठी पालकाला विभागीय मंडळात तीन खेपा घालाव्या लागू नयेत.

नवी इमारत आम्ही मागत नाही. एखादा जागरूकता दिनही नको. दिवस पुष्कळ झाले आहेत.

या मागण्यांवर बोलण्यासाठी दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून आम्हाला एक तास द्यावा, ही विनंती. वार कोणताही चालेल, फक्त मंगळवार नको. त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या जणांच्या मुलांची डोळ्यांची ओपीडी असते, आणि रात्रीच्या गाडीने आलेला माणूस नंबर सोडून मंत्रालयात येणार नाही.

आपले,
आजारी मुलांचे पालक