गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका



मागच्या महिन्यात खाप्याहून एका ताईंचे पत्र आले. पत्र कसले, शाळेच्या वहीचे फाडलेले पान होते. "आमच्या घरच्याच कुत्र्यानं आमच्या पोराची पोटरी फाडली. तीन वर्षं आमची भाकर खाल्ली आणि शेवटी आमच्यावरच उलटला. वस्तीतले लोक म्हणतात, विष घालून मोकळे व्हा. सासरे नाही म्हणतात. घरात दोन वेळ भांडण होते. तुम्ही पेपरात लिहिता, तर काय करावं ते सांगा." पोराचे वय आठ वर्षे. खाली फोन नंबर होता.

पत्र वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न कुत्र्याचा आला नाही. पोराला इंजेक्शन दिले की नाही? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हते. लगेच फोन लावला. कळले ते असे : चावल्याबरोबर जखमेत चुना आणि तिखट भरले, दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन घेतले, पोरगा खेळू लागला म्हणून पुढचे राहून गेले. चावून पाच दिवस झाले होते. पुढच्या इंजेक्शनची तारीख टळून गेली होती.

मी म्हटले, ताई, कुत्र्याचे मागाहून बघू. आज, आत्ता, पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. जखम साबणाने धुऊन घ्या, राहिलेले इंजेक्शन घ्या आणि जखमेत भरायचे सिरम द्यायचे का ते डॉक्टरांना विचारा. रक्त निघालेल्या खोल जखमेला नुसती लस पुरत नाही, सिरमही लागते, आणि लसीचे पहिले इंजेक्शन झाल्यावर सात दिवसांच्या आतच ते देता येते. ताईंनी ऐकले. एका ठिकाणी सिरम नव्हते, दुसऱ्या ठिकाणी मिळाले. त्या दिवसाची मजुरी बुडाली, पण काम झाले.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण आपल्या वस्त्यांत अजूनही भगताकडे नेणारे, मंतरलेले पाणी पाजणारे लोक आहेत. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण लक्षणांच्या आधी पूर्ण उपचार झाला तर हा रोग टाळता येतो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो मुलगा जगला. तेव्हापासून हे सिद्ध आहे. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, रॉकेल, कॉफी काही लावू नका. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात स्नायूमध्ये देत असतील तर चौदाव्या दिवशीही. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत बंद होऊन वीस वर्षे होऊन गेली, तरी त्या भीतीने दवाखाना टाळणारे आजही भेटतात. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते.

आणि आणखी एक. घरचे किंवा ओळखीचे कुत्रे चावले असेल तर त्याला मारू नका, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे डॉक्टर ठरवू शकतात. विष घालून मारले की ही खूणच हातची जाते. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नाही. ती पहिल्याच दिवशी सुरू करायची.

पुढच्या रविवारी मी खाप्याला गेलो. सोबत माझे एक जुने मित्र होते, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आता सेवानिवृत्त. सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. हातमागाचे गाव, जवळ मँगनीजची खाण, आजूबाजूला संत्र्याचे बगीचे. ताईंचे सासरे त्या खाणीतूनच निवृत्त झालेले. घर दोन खोल्यांचे. टिनाचे दार, दाराशेजारी नळ, आणि दार व नळ यांच्या मधल्या कोपऱ्यात मोती. पिवळा गावठी कुत्रा. गळ्यात साखळी, लांबी मोजून दोन हात.

तीन वर्षांपूर्वी गल्लीत चोरी झाली, तेव्हा कोणाच्या तरी पडक्या भिंतीमागून हे पिल्लू आणले. डोळे नुकते उघडलेले, वीस दिवसांचे असेल नसेल. तेव्हापासून ते तिथेच बांधलेले. तिखट होईल म्हणून मधून मधून मिरचीही चारली.

डॉक्टरांनी विचारले, "चावायच्या आधी कधी गुरगुरत होता का?"

आजी अभिमानाने म्हणाल्या, "आधी लय गुरगुरे. ताटाजवळ कोणी गेलं का गुरगुरे. पोरानं दोन-चारदा काठी हाणली, मंग सुधरला. वर्ष झालं, आवाज नाही करत."

डॉक्टर म्हणाले, "आजी, तिथंच घात झाला."

मला वाटते, या सगळ्या प्रकरणात समजून घ्यायची गोष्ट एवढीच आहे. गुरगुरणे हा कुत्र्याचा गुन्हा नव्हे, ती त्याची भाषा आहे. "मला भीती वाटते, जवळ येऊ नको," एवढेच ते सांगत असते. काठी मारली की भीती जात नाही, उलट वाढते. जातो तो फक्त आवाज. मग एक दिवस ते न सांगता चावते आणि आपण म्हणतो, काही कारण नसताना चावले. मोतीच्या ताटाजवळ, त्या जर्मनच्या ताटाजवळ, पोराचा चेंडू गेला होता. पोरगा वाकला. मोतीला मागे सरकायला जागा नव्हती. दोन हातांच्या साखळीत कोणाला पळता येते?

गुरगुरण्याच्याही आधी कुत्रे पुष्कळ काही सांगते, फक्त ते आपण वाचत नाही. तोंड दुसरीकडे वळवते. भूक नसताना ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते. कान मागे पाडते. डोळ्याच्या कडेला पांढरे दिसू लागते. मग अंग ताठ होते, हलायचे थांबते. हे थांबणे सर्वांत धोक्याचे, पुढच्या क्षणी दात येतात. शेपटी हलते म्हणजे कुत्रे खूश आहे, हाही गैरसमज आहे. सैल अंगाने, कमरेपासून हलणारी शेपटी निराळी आणि वर ताठ करून थरथरणारी शेपटी निराळी.

भीती हे मुख्य कारण, पण एकटे नाही. कानात पू झालेला, पाय दुखावलेला, म्हातारपणी सांधे धरलेला कुत्रा हात लावताच चावतो. माया आटली म्हणून नव्हे, दुखते म्हणून. पिल्लांची आई पिल्लांसाठी चावते. आपल्याकडे गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी फळतात आणि दोन महिन्यांनी, थंडीच्या सुरुवातीला वितात. म्हणून त्या दिवसांत भिंतीच्या आडोशाला, नाल्याच्या पुलाखाली पोरांना जाऊ देऊ नये. आणि पिल्लू घरी आणायचेच असेल तर दोन महिने आईजवळ राहू द्यावे. किती जोराने चावले की दुसऱ्याला लागते, हे ते आपल्या भावंडांशी खेळताना शिकते. वीस दिवसांत उचललेल्या मोतीला हे शिकवणार कोण? तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाने जे पाहिले त्याची भीती सहसा राहत नाही. लहान मुले, सायकली, पाहुणे, लुगडे नेसलेली बाई, हातात काठी घेतलेला म्हातारा. मोतीने त्या दिवसांत टिनाचे दार पाहिले.

एकाएकी स्वभाव बदलणे ही मात्र निराळी खूण समजा. शांत कुत्रे विनाकारण धावू लागले, दगड-लाकूड चावू लागले, लाळ गाळू लागले तर जवळ जाऊ नका. आणि सगळी पिसाळलेली कुत्री अंगावर येत नाहीत. काहींचा जबडा लटकतो, गिळता येत नाही. लोकांना वाटते घशात हाड अडकले आणि ते दयेने तोंडात हात घालतात. असा हात कधीही घालू नका.

दुपारी विहारात बसलो तेव्हा वस्तीतले बरेच जण आले. विषाची गोष्ट तिथे निघालीच. एक तरुण तावातावाने म्हणाला, "काटोलला काय झालं, मौद्याला काय झालं, माहीत हाये नं?" माहीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये काटोलला पाच वर्षांच्या आणि जुलै २०२४ मध्ये मौद्याला तीन वर्षांच्या बालकाचा मोकाट कुत्र्यांनी जीव घेतला. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. ज्यांची लेकरे बंगल्याच्या फाटकाआड खेळतात त्यांना भूतदया सांगणे सोपे जाते. आपली लेकरे गल्लीतच खेळतात. त्या तरुणाचा राग मला खोटा वाटला नाही.

पण मी त्याला कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली उंची जातीची कुत्री सोडली. तेव्हा बोधिसत्त्व स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या होता. तो सरळ राजापुढे गेला आणि म्हणाला, तुझ्या वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाज. पाजताच त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. चोर वाड्यातले आणि मार खाल्ला गावकुसाबाहेरच्यांनी! विहारात हसू उठले. याचा अर्थ आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

विष घालणे हे पंचशीलातल्या पहिल्या शीलाविरुद्ध तर आहेच, कायद्यानेही गुन्हा आहे. शिवाय उपयोग काय? उकिरडा आणि मटणाच्या दुकानामागची आतडी तशीच राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत दुसरी कुत्री येतात, तीही लस न टोचलेली. म्हणून खरा अर्ज नगर परिषदेकडे करायचा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले की, नसबंदी व लस झालेली कुत्री जिथली तिथे सोडावी, पण रेबीज झालेले, रेबीजचा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे परत सोडू नये. तेव्हा अर्जात नुसते "कुत्र्यांचा त्रास आहे" असे लिहू नका. कोणते कुत्रे, कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेला, कोणाला चावले, हे लिहा. उकिरडा कुठे आहे तेही लिहा. पोच घ्या. विहारातच अर्ज लिहिला गेला, एकेचाळीस सह्या झाल्या, त्यात अठ्ठावीस बायांच्या.

मुलांना डॉक्टरांनी अंगणात उभे करून शिकवले. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाशी, आणि हळूहळू मागे सरकायचे. पडलात तर गोळा होऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित कुत्रे चावलेल्यांत शंभरात चाळीस जण पंधरा वर्षांच्या आतले असतात. म्हणून हा धडा मुलांनाच आधी हवा.

राहिला मोती. त्याचे दहा दिवस पूर्ण झाले, तो ठणठणीत निघाला. डॉक्टरांनी त्याला रेबीजची लस टोचली, टोचताना तोंडाला कापडी पट्टी बांधून. जागा बदलायला सांगितली : दारातून उठवून घरामागे, जिथे कोणाची ये-जा नाही. साखळीऐवजी दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर कडी, म्हणजे त्याला पंधरा-वीस पावले फिरता येईल. ताट एकाच ठिकाणी, खाऊन होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, आणि ताट उचलायचे तर आधी दूर भाकरीचा तुकडा टाकायचा. सकाळ-संध्याकाळ आजोबांनी दोरीने फिरवून आणायचे. मिरची बंद, काठी बंद. नसबंदीबद्दल ताईंनी विचारले. डॉक्टर म्हणाले, करून घ्या, माद्यांमागे भटकणे आणि नरांशी मारामारी कमी होईल, पण भीतीने चावणे त्याने जाणार नाही. त्याला वेळच द्यावा लागेल. मोती कधी विश्वासाचा होईलच, अशी हमी त्यांनी दिली नाही.

या आठवड्यात ताईंचा फोन आला. पोराचे अठ्ठाविसाव्या दिवसाचे इंजेक्शन झाले. तारीख दारावर खडूने लिहून ठेवली होती, म्हणून चुकली नाही. अर्जावर अजून उत्तर नाही, पुन्हा जाणार आहेत. मोती परवा पुन्हा गुरगुरला, गॅसवाल्यावर. ताईंचे यजमान सवयीने काठी घ्यायला उठले तर आजींनीच हात धरला. "राहू दे," म्हणाल्या, "बोलून राह्यला तो." गॅसवाला चार पावले मागे सरला, आजोबांनी मोतीला मागे नेले.

पोरगा अजून त्याच्याजवळ जात नाही. डॉक्टरांनी घरामागे विटांची एक ओळ लावून दिली आहे, तिच्या अलीकडेच थांबतो आणि तिथून भाकरीचा तुकडा फेकतो.