दह्यातला फोग

थरच्या वाळूत फोगाचं झुडूप वाढतं. पानं जवळपास नाहीतच. अन्न बनवायचं काम हिरव्या काड्याच करतात. फेब्रुवारी-मार्चात त्यांवर बारीक, गुलाबीसर फुलं येतात. बिकानेर-जैसलमेरकडे या कळ्याफुलांना फोगला म्हणतात. तो उकडायचा, घट्ट पिळायचा, घुसळलेल्या दह्यात घालायचा, वर मीठ नि जिरं. या रायत्यानं लू बाधत नाही, असं तिथल्या आजीबाई छातीठोक सांगतात. आपल्याकडे कैरीच्या पन्ह्याबद्दल सांगतात, तितक्याच. हिरड्या सुजल्या तर फोगाच्या मुळांच्या काढ्यात कात घालून गुळण्या. पण हीच मुळं वाळू धरून ठेवतात, आणि कोळसा उत्तम होतो म्हणून तीच उपटली जातात. आता ‘सुपरफूड’ म्हणून कुणी फोगला डबीत भरला नाही म्हणजे मिळवली!