घाटाची उतरण आणि खालचा गिअर

पनवेलच्या मंडळींस पुण्यास जाणें आतां परसांत जाण्याइतकें सोपें झालें आहे. बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांचा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, खुला झाला. कळंबोलीपासून निघणारा द्रुतगति-मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. आणि घरोघरचीं मुलें आजीआजोबांस मोटारींत बसवून घाट ओलांडूं लागलीं. चढतांना चूक झाली तर गाडीच कुरकुरते. उतरतांना ती बिचारी कांहींच बोलत नाहीं, म्हणून हा लेख.

खंडाळा आणि खोपोली यांच्या उंचींत सुमारें ५०० मीटरांचें अंतर आहे. १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार तेवढी खालीं येतांना जी ऊर्जा सोडते, ती सगळी उष्णता झाली तर सुमारें २० लिटर पाण्यास आधण येईल. हवा व टायर यांच्या विरोधांत तिचा कांहीं भाग खर्च होतो. उरलेला कोठें जावयाचा? पाय सतत ब्रेकवर असेल तर तो ब्रेकच्या तबकड्यांत व लायनिंगांत जातो. अति तापलेल्या लायनिंगाची पकड सुटूं लागते. ब्रेकचें तेल जुनें होऊन त्यानें हवेंतील ओलावा शोषला असेल तर तें उकळतें व त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाहीं, वाफ दबते. मग पेडल तळाला टेकतें आणि गाडी मात्र धांवतच राहते.

याला उपाय खालचा गिअर. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं पेट्रोलच्या इंजिनांतील हवेची वाट जवळजवळ मिटते. चाकेंच इंजिनास फिरवूं लागतात, आणि त्याला कोंडलेल्या नाकानें श्वास ओढावा लागतो. गिअर जितका खालचा, तितके त्याचे फेरे अधिक व गाडीस अटकाव मोठा. कित्येक हिशेबी गृहस्थ पेट्रोल वांचविण्याकरितां उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. हा हिशेब मुळांतच चुकीचा आहे. इंजेक्शनच्या आधुनिक इंजिनांत गाडी गिअरमध्यें असतां व पाय उचललेला असतां पेट्रोल बहुधा बंदच होतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरतें तें जळतच राहतें. म्हणजे पैसा वांचत नाहीं आणि लगाम तेवढा सुटतो. शिंगरोबाच्या देवळाशीं नाणें टाकणारा जाणता ट्रकचालकही गिअर खालचाच ठेवतो.

गिअर बदलावयाचा तो उतार लागण्यापूर्वीं. आधीं ब्रेकनें वेग उतरवावा, मग क्लच दाबावा. तिसऱ्यांत इंजिनाचे मिनिटास २००० फेरे असतील व दुसऱ्याचें गुणोत्तर दीडपट असेल, तर त्याच वेगास ३००० लागतील. क्लच एकदम सोडला तर हे हजार फेरे चाकांकडून ओरबाडून घेतले जातात. गाडीस हिसका बसतो, पावसांत चाकें घसरतात. म्हणून क्लच दाबलेला असतांनाच ॲक्सिलरेटरला हलकी थाप द्यावी व मग क्लच सावकाश सोडावा. १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेशची युक्ति आली. तत्पूर्वींच्या सारथ्यांस न्यूट्रलमध्यें क्लच सोडून, इंजिन चढवून, पुन्हां क्लच दाबून मग दांते जुळवावे लागत.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें मोटारशर्यतीचा मार्ग आहे. अशा मार्गावरील स्पर्धक उजव्या पायाच्या चवड्यानें ब्रेक दाबतो व त्याच पायाच्या टांचेनें किंवा कडेनें ॲक्सिलरेटरला थाप देतो. तेथें वेग मारण्याचें काम ब्रेकचें. खालचा गिअर हवा तो वळणांतून सुटतांना जोर मिळावा म्हणून. घाटांत याच्या उलट, गिअरनें वेग धरून ठेवावयाचा व ब्रेकला विश्रांति द्यावयाची. तेव्हां चिरंजीवांनीं चित्रफितींत पाहिलेली ती पायाची कसरत खंडाळ्यांत, मागें आजी बसली असतां, करूं नये. भर वेगांत पांचव्यावरून चुकून दुसऱ्यांत दांडा गेला तर मर्यादेबाहेर फिरून इंजिन मोडण्याचीही भीति आहे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींतही बहुधा खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठें आहे हें घरूनच पाहून निघावें. वाटेंत जळकट वास आला तर सुरक्षित जागीं थांबून अर्धा तास चाकें निवूं द्यावीं. त्यांवर पाणी मात्र ओतूं नये. तापलेली तबकडी त्यानें वांकते किंवा तडकते.