हळदीचा सौदा आणि हळदीची नवरी

जगातील शहाण्या माणसांनी एकत्र बसावे आणि एका देशातला करार, वारसा किंवा विवाह दुसऱ्या देशात कसा मानावा हे ठरवावे, हा विचार थोर आहे. त्याला विरोध करण्याइतके आम्ही करंटे नाही. टोबियास ॲसर या डच विधिज्ञाच्या पुढाकाराने १८९३ साली हेग येथे अशी पहिली परिषद भरली. १९११ मध्ये ॲसर यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारत २००८ पासून त्या परिषदेचा सभासद आहे. आमचे भांडण तत्त्वाशी नाही, पंगतीशी आहे. या पंगतीत कोणाला आधी वाढले जाते आणि कोण दाराशी ताटकळत उभे राहते, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

डोंगरकड्याच्या शाळामास्तराने हेगच्या गोष्टी का कराव्यात, असे कोणी म्हणेल. पण दोन तीरांवर दोन कायदे म्हणजे काय, हे आमच्या मुलखाइतके कोणाला ठाऊक? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. पैनगंगेपलीकडे, उमरखेड-पुसदच्या बाजूला वऱ्हाड. तेथे इंग्रज असेतो त्याचा अंमल. नदीला सोयरीक कधी अडली नाही. पण नदी ओलांडली की रुपया बदले, कचेरी बदले, कचेरीची भाषा बदले. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोन्ही तीर एका नियमाखाली आणले. आता सोयरिकी समुद्र ओलांडून होतात, आणि मधले पाणी पुन्हा तसेच आडवे आले आहे.

आधी व्यापाऱ्याचे पाहा. आमच्याकडे हळद पिकते. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने ती परदेशी धाडली, करारात लवादाचे कलम घातले आणि पुढे पैसे बुडाले. लवादाने त्याच्या बाजूने निवाडा दिला, तर १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या आधारे तो परदेशातही बजावता येतो. भारताने हा करार १९६० मध्येच मान्य केला. आज एकशे सत्तरांहून अधिक देश त्यात आहेत.

आता विमानाचे पाहा. मे २०२३ मध्ये ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कायद्यातील स्थगितीमुळे भाड्याने दिलेली विमाने मालकांना परत नेता येईनात. परदेशी मालकांनी २००१ च्या केपटाऊन कराराकडे बोट दाखविले; तो भारताने २००८ मध्ये स्वीकारलेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये, अवघ्या पाच महिन्यांत, सरकारने अधिसूचना काढून विमाने त्या स्थगितीतून वगळली. एप्रिल २०२५ मध्ये तर संसदेने त्यासाठी स्वतंत्र विधेयकच संमत केले. वस्तू परत मिळण्याची हमी असली की भाडे उतरते, हे आम्हालाही कळते. आम्ही फक्त वेग मोजतो आहोत.

आता नवरीचे पाहा. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयात यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला, की नेवाडा राज्यात मुक्कामाचे सोंग करून मिळविलेला घटस्फोट येथे चालणार नाही आणि पत्नीची पोटगी बुडणार नाही. १९९१ साली पी. बी. सावंत यांनी मुख्य नियम घालून दिला : ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्या कायद्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाचाच घटस्फोट मानावा. दोघेही आपले मराठी न्यायमूर्ती. त्यांचे ऋण मोठे आहे. पण न्यायमूर्तींची लेखणी देशाच्या वेशीपर्यंतच चालते. वेशीपलीकडे नवरा मोकळा, वेशीच्या आत बायको बांधलेली! कायदेपंडित याला ‘लंगडा विवाह’ म्हणतात. लंगडते मात्र एकटी बायको.

म्हणूनच १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला कायद्याचा विचार करण्यास सुचविले. भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाने रद्द करू नये. पतीच्या येथील व तेथील मालमत्तेतून पत्नीला पुरेशी पोटगी मिळावी. आणि आपला हुकूमनामा परस्पर करारांनी परदेशात बजावता यावा. २०१९ मध्ये एक विधेयक राज्यसभेत आले. त्यात प्रामुख्याने विवाहाची नोंदणी आणि पासपोर्टची जप्ती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात पुन्हा सर्वंकष कायदा मागितला. तीस वर्षांनीही मागावाच लागतो, यातच सारे आले. विमानाला पाच महिने, लेकीला तीस वर्षे!

करार नाही म्हणावे, तर तोही आहे. हेग परिषदेने २००७ मध्ये पोटगीच्या वसुलीचा करार केला. तो २०१३ पासून अमलात आहे. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ त्यात आहेत. भारत नाही. त्यामुळे नांदेड-हिंगोलीच्या न्यायालयाने दिलेला पोटगीचा हुकूम हाती असूनही मुलीच्या बापाने परमुलखात नवा वकील शोधायचा आणि त्याची फी डॉलरमध्ये मोजायची.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा आम्ही मान्य करतो. १९८० चा हेग करार सांगतो, की सोळा वर्षांखालचे मूल एका पालकाने परस्पर नेले, तर ते राहत्या देशी परत पाठवावे. मारहाणीला कंटाळून लेकरू कडेवर घेऊन माहेरी आलेल्या मुलीवर हा नियम उलटू शकतो. ‘गंभीर धोक्या’चा अपवाद त्यात आहे, पण तो सिद्ध करण्याचा भार तिच्याच माथी. भारताने तो करार स्वीकारला नाही. २०१६ चा मसुदाही मसुदाच राहिला. त्या करारावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा, असेच आम्ही म्हणू. पण त्या भीतीच्या आडोशाने पोटगीचा करार का अडवावा? पोटगीने कोणाचे लेकरू हिरावले जात नाही.

कायदा आकाशातून पडत नाही. ज्याचा आवाज पोचतो त्याच्यासाठी तो होतो. विमानाच्या मालकाजवळ वकील आहेत, बँका आहेत. सासरहून परतलेल्या मुलीजवळ एक पेटी आणि गावाची कुजबूज. यंदाच्या दिवाळसणाला परदेशातल्या जावयाचा पगार आणि व्हिसा विचारून झाला असेल, तर वाचकहो, मते मागायला येणाऱ्या खासदारालाही एक प्रश्न विचारा : २००७ च्या करारावर भारताची सही केव्हा होणार? उत्तरात तारीख मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.