खर्जाचे मोल

एकाच ड्रायव्हरचा स्पीकर म्हणजे एकट्याने सारा संसार ओढणारा गृहस्थ. गायकाचा गळा तो मोठ्या इमानाने पोचवतो, कारण सूर दोन-तीन पडद्यांत वाटला जात नाही. परंतु चार इंचांचा कागदी पडदा हवा ती किती हलवणार? काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ७० वेळा कंप पावते. तेथे हा गृहस्थ थकतो. आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांचे गाणे डग्ग्याच्या घुमाऱ्याविना ऐकायचे, म्हणजे बिनमिठाचा झुणका!

म्हणून सबवूफर जोडणे ही चैन नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्याकडे साधारण शंभर कंपनांखालचेच काम द्यावे, आणि आवाज इतकाच ठेवावा की तो बंद केल्यावरच त्याची उणीव भासावी. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी दणका म्हणजेच खर्ज असे आपल्याला शिकवले आहे. शिवाय खर्ज भिंतीला जुमानत नाही, आणि पलीकडे कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असते!

उरला वायरचा प्रश्न. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या साध्या वायरीचा रोध, पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन, सुमारे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. तेव्हा महागड्या वायरीचे पैसे वाचवावेत आणि मैफलीचे तिकीट काढावे. खरा तंबोरा जवळून ऐकल्याखेरीज सबवूफर जुळवणार तरी कशाच्या मापाने?