लोगन का गेली, बोलेरो का राहिली



अडचणीतल्या मोटार कंपनीने कमी खपाची सगळी नावे एका झटक्यात बंद करावीत, हे आपल्या अंकातील लेखाचे मत एकांगी आहे. नाशिकच्या लोगन मोटारीचे उदाहरण लेखकाने अर्धेच सांगितले. 2006च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले. 2007ची लोगन चार मीटरपेक्षा लांब. सवलत हुकली आणि किमतीत मार खाल्ला. भागीदार रेनॉ कंपनी बाहेर पडल्यावर तीच गाडी व्हेरिटो नावाने पुढे अनेक वर्षे निघाली.

जुनी नावे आधी काढा, हे तर मुळीच पटत नाही. तसे केले असते तर 2000 सालची बोलेरो गाडी केव्हाच गेली असती.

जनरल मोटर्स 2009 मध्ये पॉन्टिअॅक, सॅटर्न या नावांना निरोप देऊन सावरली म्हणे! अमेरिकी सरकारने ओतलेले सुमारे 50 अब्ज डॉलर लेखक विसरले.

मी अंबडला मोटार कंपन्यांसाठी सुटे भाग प्रेसवर घडवतो. डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च दर नगामागे थोडा थोडा वसूल होतो; मॉडेल थांबले की वसुली थांबते, बँकेचा हप्ता थांबत नाही. पुढे सुट्या भागांची मागणी येते तेव्हा मूठभर नगांसाठी गंजलेली डाय घासून, क्रेनने उचलून पुन्हा प्रेसवर चढवावी लागते.

दुबळे नाव कायम ओढावे, असे माझे म्हणणे नाही. पण सांगाडा, इंजिन दुसऱ्या गाडीशी सामाईक आहे का, हे आधी तपासावे आणि पुरवठादाराला वर्षभर आधी लेखी कळवावे. लेखात यावर एक ओळही नाही.

– एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक