संहिता खुली असावी

मराठीत ‘संहिता’ हा शब्द फार कामाचा आहे. वेदांची संहिता, नाटकाची संहिता, आचारसंहिता, आणि २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेली न्याय संहिता, इतक्या ठिकाणी तो सुखाने नांदतो. संगणकाला काम नेमून देणाऱ्या ज्या मजकुराला आपण सवयीने ‘कोड’ म्हणतो, त्यालाही हाच शब्द लावावा असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. भाषाशुद्धीचा सोस हे त्याचे कारण नव्हे. संहिता म्हटली की ती कोणी लिहिली, तिच्या प्रती किती, कोणता पाठ ग्राह्य धरावा आणि का, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला आपोआप सुचतात. संगणकाच्या मजकुराला मात्र ते विचारायचे आपण विसरतो. माझा व्यवसाय संगणकीय जीवशास्त्राचा, त्यामुळे हे विसरणे मला रोजच दिसते.

जनुकांचा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो. माणसाच्या एका संचात ही अक्षरे सुमारे ३०० कोटी भरतात. दोन व्यक्तींचे, किंवा माणूस आणि माशी यांचे मजकूर शेजारी मांडायचे, कुठे अक्षर बदलले, कुठे गळले, कुठे जादा शिरले ते टिपायचे, आणि त्या फरकांवरून वंशवृक्ष उभा करायचा, हा आमच्या विद्येचा गाभा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा तिथले पंडित १,२०० हून अधिक हस्तलिखिते घेऊन वेगळे काय करीत होते? १९२५ पासून त्या कामाचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर आधी केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. पुढे १९९८ मध्ये इंग्रज अभ्यासकांनी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांना जीवशास्त्रातली वंशवृक्षाची पद्धत लावली आणि तो निबंध ‘नेचर’ने छापला. दोन विद्यांची अशी उघड गाठ पडली.

भांडारकर आवृत्तीचे मोठेपण तिने स्वीकारलेल्या पाठात आहेच, पण त्याहून अधिक ते तिच्या तळटीपांत आहे. संपादकांनी जे नाकारले तेही त्यांनी छापले. म्हणून त्यांच्याशी असहमत होणाऱ्यालाही त्यांच्याच पुस्तकातून आपले प्रमाण काढता येते. याच्या उलट बाजूला राजवाड्यांची ज्ञानेश्वरी ठेवून पाहावी. १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्यातील भाषेचे व्याकरणही लिहिले. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. त्यामुळे राजवाडे म्हणतात ते मानायचे की नाही, हा प्रश्न शेवटी श्रद्धेचा होऊन बसतो. ज्या शास्त्रीय निष्कर्षामागची आज्ञावली कोणाला पाहता येत नाही, त्याची अवस्था नेमकी हीच असते.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधनसंस्था आहे. गाठीतल्या जनुकांचा मजकूर प्रमाण मजकुराशी ताडून पाहिला की हजारो फरक दिसतात. त्यांतले बहुतेक आईवडिलांकडून आलेले आणि निरुपद्रवी असतात. थोडे गाठीतच जन्मलेले असतात, आणि शोध त्यांचा असतो. रुग्णाच्या निरोगी पेशींचा नमुना हाताशी नसेल, तर वारशाचे फरक समाजाच्या नोंदवहीवरून वजा करावे लागतात. ती नोंदवही मुख्यतः पाश्चात्त्यांची असेल, तर भारतीय माणसाचा साधा वारसाही रोगाचे चिन्ह म्हणून वाचला जाण्याचा धोका राहतो. येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांतून १,१४,३०९ फरकांची यादी तयार केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. पाठभेदांच्या भाषेत सांगायचे तर, भारतीय शाखेच्या पोथ्या संपादनात आल्या. हा विदा खुला करताना रुग्णांची ओळख मात्र झाकलेलीच राहिली पाहिजे. संहिता खुली असावी याचा अर्थ माणूस उघडा पडावा असा होत नाही.

खुलेपणाची कैफियत इतकी सरळ असती तर लेख इथेच संपला असता. पण वस्तुस्थितीला विनोदाचे अंग असते. आमच्या क्षेत्रात ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ अशा नावांची जनुके होती. ही नावे एक्सेलच्या तक्त्यात लिहिली की एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकी. २०१६ मधल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे घोटाळे आढळले. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नमते घेऊन ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’ अशी नवी नावे जाहीर केली. हे रूपांतर थांबवण्याची सोय एक्सेलने दिली ती २०२३ मध्ये! नाकापेक्षा मोती जड झाला तर मोती उतरवावा अशी आपली समजूत. इथे नाकच बदलले.

या गोष्टीवरून बंद संहितेला हसणे सोपे आहे. परंतु त्याच पाहणीची दुसरी नोंद अशी, की लिब्रे ऑफिस आणि ओपन ऑफिस या खुल्या संहितेच्या तक्त्यांतही ही खोड होती. आणि गूगलच्या तक्त्यात, ज्याची संहिता खुली नाही, ती नव्हती. म्हणजे खुलेपणा हा काही शहाणपणाचा ताईत नव्हे. संहिता खुली असणे ही वाचनाची शक्यता आहे. प्रत्यक्ष वाचन कोणीतरी करावे लागते. ग्रंथालयात पाने न फाडलेली चिकित्सक आवृत्ती आणि महाजालावर कोणीही न उघडलेली आज्ञावली यांत फारसा फरक नाही.

मग खुल्या संहितेत वेगळे काय असते? माझ्या मते, तिथे लेखकाने वाचक गृहीत धरलेला असतो, आणि याचा पुरावा तिच्यातला विनोद आहे. ‘ग्नू’ या १९८३ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पाच्या नावाचा विस्तार ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ असा, म्हणजे नावातच पुन्हा नाव. कापूसकोंड्याच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी माणसाला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. ‘पायथन’ ही भाषा सापावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळींवरून ओळखली जाते. यंत्राला विनोद कळत नाही. तो दुसऱ्या माणसासाठीच लिहिला जातो. चि. वि. जोशी पाली भाषेचे अभ्यासक आणि अध्यापक होते. चिमणरावाची फजिती रंगवणारा आणि पाली ग्रंथांत रमणारा माणूस एकच, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे नजर बारीक लागते आणि स्वतःच्या शहाणपणाविषयी थोडा संशय लागतो.

विनोदालाही मर्यादा आहेतच. माशीच्या हृदयाची घडण ज्यावाचून होत नाही त्या जनुकाला ‘टिनमॅन’ म्हणतात. ओझच्या जादूगाराची गोष्ट न वाचलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ते पाठ करायचे एक निरर्थक नाव ठरते. ‘सॉनिक हेजहॉग’ हे नाव तर एका संगणकी खेळातल्या पात्राचे. या जनुकातल्या दोषामुळे गर्भाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे नाव सांगताना डॉक्टरला काय वाटत असेल? प्रयोगशाळेतला विनोद तिथल्या सहकाऱ्यांसाठी होता. तो दवाखान्यात पोहोचला तेव्हा वाचक बदलला आणि विनोदाची चेष्टा झाली. आपला मजकूर अनोळखी माणूस वाचणार आहे, हे भान खुल्या संहितेला विनोदाइतकेच हवे.

तेव्हा सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची आज्ञावली निबंधासोबतच प्रसिद्ध व्हावी, ही माझी मागणी. आमचा कोड गबाळा आहे, लोक हसतील, असे उत्तर यावर हमखास येते. हसू द्यावे. सुकथनकरांना तळटीपांच्या जंगलाची लाज वाटली नाही. दुसरी मागणी साहित्याच्या अध्यापकांकडे आहे. पाठचिकित्सेच्या तासाला एकदा शंभर ओळींची एखादी खुली आज्ञावली विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावी. तिच्यात कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद असते, आणि पुष्कळदा का बदलली तेही लिहिलेले असते. अशी पोथी राजवाड्यांना मिळाली असती तर ज्ञानेश्वरीच्या पाठाचे कितीतरी वाद निकालात निघाले असते. ती वाचण्याची विद्या मराठीच्या वर्गात आहे. ती आमच्या प्रयोगशाळेतही यावी.